‘डॉइच’ : एका विशेषणाची कैफियत

इ. स. ७८६ साली पोप पहिला हेड्रियन याचा वकील म्हणून इंग्लंडात गेलेल्या ओस्तियाच्या बिशप जॉर्ज याने आपल्या कामगिरीचा अहवाल रोमला रवाना केला. धर्मसभांत कोणते नियम ठरले आणि कोणत्या राजाने व कोणत्या धर्माधिकाऱ्याने त्यांखाली आपली निशाणी केली, असा त्यातील मजकूर. दफ्तरातला कागद जितका रुक्ष असावा तितकाच तो रुक्ष. परंतु मर्सियाचा राजा ऑफा याच्या मुलखातील सभेची हकीकत देताना बिशपमहाशय सहज लिहून जातात की, नियमांचे वाचन लॅटिनमध्ये तर झालेच, शिवाय उपस्थित सर्वांना समजावे म्हणून ते ‘थेओदिस्के’, म्हणजे लोकांच्या बोलीतही, करण्यात आले. आज जर्मन राष्ट्र ज्या नावाने स्वतःला ओळखते ते ‘डॉइच’ हे विशेषण, ज्ञात असलेल्या लॅटिन लिखाणांत, सर्वांत आधी दिसते ते या कागदात. आणि तेथे ज्या भाषेला ते लावलेले आहे ती भाषा जर्मन नसून इंग्लंडातील जुनी इंग्रजी आहे.

या शब्दाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हा एक दाखला प्रथमपासून जवळ बाळगावा, असे मी सुचवीन. कारण गेल्या तीनचार शतकांत जर्मन कवींनी, देशाभिमान्यांनी आणि क्वचित गाढ्या पंडितांनीही या विशेषणाच्या पाठीमागे एका अतिप्राचीन, एकजिनसी व पराक्रमी राष्ट्राची मूर्ती पाहण्याचा एवढा हव्यास धरला आहे की, अस्सल कागद पुढे ठेवल्यावाचून त्या मूर्तीचे दडपण दूर होत नाही. कागद सांगतात ते थोडक्यात असे : हे विशेषण कोणत्याही राजवंशापासून, टोळीपासून, नदीपासून अथवा पर्वतापासून निघालेले नाही, ‘लॅटिन नव्हे ती’ भाषा एका शब्दात दाखविण्याची गरज लॅटिन लिहिणाऱ्या धर्मपंडितांना व राजाच्या कारकुनांना पडली, त्या गरजेतून ते रूढ झाले. आधी भाषेला नाव मिळाले. लोक, मुलूख आणि राज्य यांनी त्या नावावर आपली मिरास सांगितली ती मागाहून. पुढील प्रकरणांत जे काही आहे ते या एका विधानाचे विवरण आहे.

शब्दाचे मूळ मात्र या कारकुनांहून पुष्कळ जुने आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषेत ‘तेउता’ अशा रूपाचा, ‘लोकसमुदाय, जमात’ या अर्थाचा एक शब्द असावा असे तुलनात्मक भाषाशास्त्र मानते. लिथुएनियन आणि लॅटव्हियन भाषांत ‘ताउता’ हा शब्द ‘लोक, राष्ट्र’ या अर्थाने आजही चालू नाण्यासारखा वापरात आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘तुआथ’ म्हणजे एका राजाच्या अमलाखालील लहानसे जनपद. फ्रान्सच्या वायव्य टोकाला बोलल्या जाणाऱ्या ब्रेटन भाषेत ‘तुद’ म्हणजे नुसती माणसे. इटलीतील ऑस्कन लोकांनी तो ‘तोउतो’ या रूपाने राखला, पण रोमच्या लॅटिनने आणि ग्रीकने राखला नाही. संस्कृतातही त्याचा निर्विवाद वंशज आढळत नाही. तेव्हा ‘जन’, ‘विश्’ इत्यादी आपल्या शब्दांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह वाचकांनी आवरलेला बरा.

जर्मानिक शाखेत या ‘तेउता’ची जी रूपे झाली ती समजण्यास एक ओळखीचा शब्द उपयोगी पडतो. संस्कृतातील ‘त्रि’ घ्यावा. त्याच्या आरंभीचा ‘त’ जर्मानिक भाषांत ‘थ’सारखा घर्षक झाला : इंग्रजी ‘थ्री’, आइसलँडिक ‘थ्रीर’. पुढे दक्षिणेकडे, म्हणजे जर्मन व नेदरलंडच्या बोलींत, या ‘थ’चा ‘ड’ झाला : ‘ड्राय’, ‘ड्री’. उत्तरेकडे, म्हणजे डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांत, त्याचा ‘ट’ झाला : ‘ट्रे’. ‘तेउता’ नेमकी याच वाटेने गेली. गॉथिकमध्ये ‘थिउदा’, जुन्या इंग्रजीत ‘थेओद’, जुन्या नॉर्समध्ये ‘थ्योद’, जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘दिओत’. आणि त्यापासून झालेली विशेषणे जर्मनीत ‘डॉइच’, नेदरलंडात ‘डाउट्स’, स्कॅंडिनेव्हियात ‘ट्युस्क’. रास्मुस रास्क याने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये हे वर्णविकार नियमबद्ध करून दाखविले नसते, तर ‘डॉइच’ आणि ‘ट्युस्क’ हे सख्खे भाऊ आहेत याची नुसती अटकळच करावी लागली असती. मधल्या ‘त’चा ‘द’ का झाला हा प्रश्न तरीही शिल्लक होताच. त्याचा उलगडा पुढे कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताने मूळ भाषेतील स्वराघाताच्या आधारे केला.

मूळ नाम जर्मन भाषेतून आता लुप्त झाले आहे, तरी माणसांच्या नावांत ते टिकून राहिले. गॉथ राजा थेओदरिक याचे नाव म्हणजे ‘लोकांचा राजा’. त्याचे जर्मन रूप ‘दीत्रिख’, नेदरलंडातले ‘दिर्क’ आणि इंग्रजी रूप ‘डेरिक’. सन १६०० च्या सुमारास लंडनच्या टायबर्न येथे फाशी देणारा डेरिक नावाचा एक मांग होता. त्याच्या नावावरून आधी फाशीच्या खांबाला आणि मग तशाच दिसणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या यंत्राला ‘डेरिक’ म्हणू लागले. गोदीत माल उचलणारा आणि तेलविहिरीवर उभा राहणारा डेरिक अशा रीतीने एका गॉथ राजाचा नामधारक आहे. आइसलंडात मात्र नामच जिवंत आहे. तेथे राष्ट्राला ‘थ्योद’ म्हणतात आणि स्वीडनला ‘स्वीथ्योद’, म्हणजे स्वीआर लोकांचे राष्ट्र.

या नामाला ‘-इस्क’ हा तद्धित प्रत्यय लागून आपले विशेषण सिद्ध झाले. इंग्लिश, डॅनिश, स्वीडिश यांच्या शेपटीला असणारा ‘-इश’ तो हाच. ‘देश’पासून ‘देशी’ व्हावे तसे ‘थेओद’पासून ‘थेओदिस्क’ : लोकांचा, लोकांत चालणारा. परंतु हे लोक कोणते? गॉथांचा बिशप वुल्फिला याने चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यात गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, यहुदी असून परजातीयांच्या रीतीने वागल्याबद्दल पौल पेत्राला बोल लावतो तेथे, ‘परजातीयांच्या रीतीने’ यासाठी ‘थिउदिस्को’ हे रूप आले आहे. म्हणजे येथील ‘लोक’ हे आपले लोक नव्हेत, परके व मूर्तिपूजक लोक आहेत. मराठीत ‘लोक काय म्हणतील?’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या ‘लोकां’त आपण स्वतः कधी नसतोच, तसाच हा प्रकार. गॉथांच्या या प्रयोगाचा धागा चार शतकांनंतरच्या फ्रँक दरबारापर्यंत सरळ जोडता येत नाही, ही गोष्ट येथेच नमूद करून ठेवतो. कारण तो जोडून देणारे लेखक काही थोडे नाहीत.

फ्रँक दरबारातील पहिला महत्त्वाचा दाखला इ. स. ७८८ मधील एका फौजदारी खटल्यातला आहे. बव्हेरियाचा ड्यूक तासिलो याला शार्लमेन राजाने इंगेलहाइम येथे न्यायासनापुढे उभे केले, आणि त्याच्यावरील आरोपांत एक जुना आरोप उकरून काढण्यात आला : पंचवीस वर्षांपूर्वी, शार्लमेनचा बाप पेपिन याची स्वारी चालू असता, तासिलो आपली फौज घेऊन छावणीतून निघून गेला होता. राजदरबारच्या लॅटिन बखरीत या अपराधाचे नाव देताना लेखकाची पंचाईत झालेली दिसते. फ्रँकांच्या कायद्यात त्याला नेमका शब्द होता तो ‘हारिस्लित्स’, म्हणजे लष्कर फाडून जाणे. तो शब्द द्यावयाचा तर ‘अमुक भाषेत असे म्हणतात’ हे सांगणे आले, आणि तेथे लेखकाने ‘थेओदिस्क भाषेत’ असे लिहिले. तासिलोला देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली, नंतर ती माफ होऊन त्याची रवानगी मठात झाली. अपराधाचे नाव सर्व सरदारांच्या कानाला परिचित असावे यात राजाचा काय हेतू होता हे सांगावयास नको. ज्या मंडळीने निकाल द्यावयाचा त्यांत फ्रँक होते, बव्हेरियन होते, लोंबार्ड होते, सॅक्सन होते. त्या सर्वांची म्हणून जी भाषा, ती ‘थेओदिस्क’. कोणा एका टोळीचे नाव तिला देता आले नसते.

यानंतर इ. स. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने ठराव केला की, प्रत्येक बिशपाने आपली प्रवचने ग्राम्य रोमन भाषेत अथवा ‘थिओतिस्क’ भाषेत उतरवून सांगावीत, म्हणजे ती सर्वांना समजतील. ग्राम्य रोमन ही पुढे फ्रेंच झाली. येथे दोन्ही भाषा एका पायरीवर उभ्या आहेत आणि दोघींच्या डोक्यावर लॅटिन आहे. मराठी वाचकाला ही व्यवस्था फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘संस्कृत’ आणि ‘प्राकृत’ ही जोडी त्याच्या घरची आहे. आठव्या-नवव्या शतकांतील ‘थेओदिस्क’ला जवळचा मराठी पर्याय देणे झाले तर मी ‘प्राकृत’ हाच देईन : त्यातही लोकांचा उल्लेख आहे, पण कोणत्या लोकांचा याचा नाही, त्यातही भाषेचा निर्देश आहे, पण एका भाषेचा नाही. प्राकृत नावाचे राष्ट्र आपल्याकडे झाले नाही. तिकडे ते झाले, एवढाच फरक. आणि तो का पडला हाच या पुस्तकाचा विषय.

त्या फरकाची सुरुवात पाहण्यास १४ फेब्रुवारी ८४२ या दिवशी स्ट्रासबुर्ग येथे झालेला करारमदार उत्तम आहे. शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि चार्ल्स, आपला थोरला भाऊ लोथर याच्याविरुद्ध एक झाले होते, आणि परस्परांच्या फौजांसमोर शपथा घेणार होते. लुईची फौज पूर्वेकडची, चार्ल्सची पश्चिमेकडची. लुई वडील म्हणून त्याने आधी शपथ घेतली, पण आपल्या भाषेत नव्हे : चार्ल्सच्या शिपायांना समजावी म्हणून रोमन बोलीत. मग चार्ल्सने तीच शपथ लुईच्या शिपायांसाठी ‘तेउदिस्क’ भाषेत घेतली. त्यानंतर दोन्ही फौजांनी आपापल्या भाषेत सांगितले की, आमच्या धन्याने शपथ मोडली तर आम्ही त्याला दुसऱ्याविरुद्ध साहाय्य करणार नाही. नितार्ड नावाचा इतिहासकार, जो स्वतः शार्लमेनच्या मुलीचा मुलगा होता, त्याने दोन्ही शपथा शब्दशः उतरून घेतल्या, म्हणून त्या आज आपल्यापुढे आहेत. दोन भाषा दोन फौजांशी निगडित झालेल्या येथे प्रथमच स्पष्ट दिसतात. तरीसुद्धा लुईच्या शिपायांना कोणी विचारले असते की तुम्ही कोण, तर त्यांनी बव्हेरियन, सॅक्सन, अलेमान असेच उत्तर दिले असते.

याचा पुरावा अल्सासमधील वाइसेनबुर्ग मठाचा भिक्षू ओत्फ्रीड याच्या ग्रंथात मिळतो, आणि तो मला या साऱ्या दप्तरातील अत्यंत बोलका कागद वाटतो. इ. स. ८७० च्या सुमारास ओत्फ्रीडने ख्रिस्तचरित्र लोकभाषेत पद्यबद्ध केले. मैन्झच्या आर्चबिशपाला त्याने जे लॅटिन पत्र लिहिले त्यात तो या भाषेला ‘थेओतिस्क’ म्हणतो. पण ग्रंथात स्वतःच्या भाषेत बोलू लागला की तो तिलाच ‘फ्रँकांची भाषा’ म्हणतो. म्हणजे ‘थेओतिस्क’ हे नाव वरिष्ठांना पाठविण्याच्या अर्जातले. घरात वापरण्याचे नव्हे. सेंट गालेन मठातील नोटकर १०२२ मध्ये वारला. त्याच्या लिखाणात हे विशेषण ‘दिउतिस्क’ असे अस्सल देशी वेषात भाषेसाठी वापरलेले प्रथम दिसते. आणि त्याच शतकाच्या अखेरीस, कोलोनचा आर्चबिशप अन्नो याच्यावरील चरित्रकाव्यात, ‘दिउतिश’ भाषेच्या जोडीला ‘दिउतिश’ माणसे आणि ‘दिउतिश’ मुलूख ही येतात. मुलूख अनेकवचनी आहेत. एकवचनी ‘डॉइचलांट’ रूढ होण्यास आणखी काही शतके लागली.

या मधल्या काळात आल्प्स उतरून इटलीत येणाऱ्या फौजांनीही या नावाला हातभार लावला. बव्हेरियन कोण आणि सॅक्सन कोण हा भेद त्यांचा त्यांना मोठा होता; ज्यांच्या शेतांतून त्या फौजा जात त्या इटालियन शेतकऱ्याला त्याचे काय? त्याच्या लेखी हे सारे एकच भाषा ओरडणारे लोक होते. इटालियन भाषेत जर्मनाला आजही ‘तेदेस्को’ म्हणतात, ते हेच विशेषण. परक्याने सरसकट एक नाव द्यावे आणि कालांतराने ते आपण अभिमानाने मिरवावे, हा अनुभव हिंदुस्थानच्या वाचकाला अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही.

आता तोतयाची हकीकत. रोमन सेनापती मारियुस याने इ. स. पूर्वी १०२ मध्ये दक्षिण फ्रान्सात ट्यूटन नावाच्या टोळीचा उच्छेद केला होता. लॅटिन जाणणाऱ्या भिक्षूंना ‘थेओदिस्कुस’ हा शब्द ओबडधोबड वाटे. रोमन ग्रंथकारांत तो सापडत नसे. ‘तेउतोनिकुस’ हा शब्द मात्र प्राचीन, प्रतिष्ठित आणि कानाला जवळचा. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लेखकांनी पहिल्याच्या जागी दुसरा बसविण्यास प्रारंभ केला, आणि थोड्याच काळात दुय्यम नक्कल अस्सलाच्या गादीवर बसली. पोप सातवा ग्रेगोरी याने अकराव्या शतकात सम्राटपदावर हक्क सांगणाऱ्या चौथ्या हेन्रीला मुद्दाम ‘ट्यूटनांचा राजा’ म्हणून त्याची पायरी दाखविण्यासाठीही हा शब्द वापरला. पण या अदलाबदलीचा खरा परिणाम पुढे झाला. पंधराव्या शतकात टॅसिटसचा ‘जर्मानिया’ हा ग्रंथ पुन्हा उजेडात आला. त्यात जर्मनांचा आदिपुरुष म्हणून तुइस्तो नावाच्या देवाचा उल्लेख आहे. ट्यूटन आणि तुइस्तो या दोघांच्या ‘ट’काराला साक्षीला घेऊन सतराव्या शतकातील वैयाकरणांनी आपल्या भाषेचे नाव ‘टॉइच’ असे ‘टी’ने लिहिण्याचा आग्रह धरला, शोटेलियुसचा १६६३ मधील भाषाविषयक प्रचंड ग्रंथ या ‘टी’खालीच निघाला. एका अक्षरापायी राष्ट्र दीड हजार वर्षांनी म्हातारे होत होते, मग आग्रह का धरू नये? ग्रिमच्या पिढीने हा वाद वर्णविकारांच्या आधारे ‘डी’च्या बाजूने कायमचा निकालात काढला. दोघा ग्रिम बंधूंनी हाती घेतलेल्या जर्मन महाकोशात ‘ड’ हे अक्षर धाकट्या विल्हेल्मच्या वाट्याला आले होते, आणि ते पुरे करून तो १८५९ च्या डिसेंबरात वारला. याकोबने मात्र आपल्या ‘डॉइच व्याकरणा’त गॉथिक, इंग्रजी व नॉर्स अशा साऱ्या भाषा एकाच ‘डॉइच’ छत्राखाली घेतल्या, आणि डॅनिश पंडितांचा रोष ओढवून घेतला. पंडित निर्विकार असतो हा समज या प्रकरणी टिकत नाही.

राष्ट्राभिमानाच्या या गदारोळात विशेषणाचा मूळ अर्थ, ‘लोकांना समजेल असे’, मात्र नाहीसा झाला नव्हता. सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबेर्ग येथे मार्टिन ल्यूथरचे भाषांतर छापून निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर ल्यूथरचे नावच नव्हते. ‘नवा करार, डॉइच’ एवढाच मजकूर व गावाचे नाव. भाषांतर करणे या अर्थी ल्यूथर ‘डॉइच करणे’ असेच क्रियापद वापरतो. ‘चांगल्या डॉइचमध्ये सांगायचे तर’ असा वाक्प्रचार आजही जर्मनीत आहे आणि त्याचा आशय आपल्या ‘स्वच्छ मराठीत सांगतो’ याहून वेगळा नाही. अर्थ लावणे या अर्थाचे ‘डॉइटेन’ हे जर्मन क्रियापद आणि ‘स्पष्ट’ या अर्थाचे ‘डॉइटलिख’ हे विशेषण यांचाही उगम बहुतेक कोशकार याच ‘लोक’वाचक मुळाकडे नेतात.

या अर्थाची पूर्ण वाढ झाली ती यिद्दिश भाषेत, आणि म्हणून यिद्दिशवरील प्रकरण लांबले आहे. जर्मन मुलखात राहणाऱ्या यहुदी मुलाला हिब्रू धर्मग्रंथाचे एकेक पद म्हणून त्यापुढे त्याचा ‘टायच’ सांगावा लागे : म्हणजे त्या पदाचा घरच्या बोलीतील अर्थ. पाठशाळेच्या या नित्य वहिवाटीमुळे यिद्दिशमध्ये ‘टायच’ म्हणजे ‘अर्थ’ असाच अर्थ होऊन बसला, आणि ‘फारटायचन’ म्हणजे उलगडून सांगणे. ‘याचा टायच काय?’ या प्रश्नाचे तोंडातल्या तोंडात आखूड होऊन ‘स्टायच!’ असे उद्गारवाचक अव्यय झाले. ‘हे काय भलतेच!’ म्हणावयाचे असले की यिद्दिश बोलणारी आजी तेच उच्चारी. जर्मन माणसासाठी यिद्दिशने ‘डायच’ हे निराळे रूप राखले. एकाच शब्दाचे एक रूप ‘अर्थ’ आणि दुसरे रूप ‘जर्मन’, आणि दोन्ही वापरणारे तेच लोक. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्यावर जे गुदरले ते ध्यानी घेता या जोडीकडे केवळ भाषिक गंमत म्हणून पाहता येत नाही.

नेदरलंडातील हकीकत हक्काच्या भांडणाची आहे. मध्ययुगात तेथील लोकही आपल्या भाषेला ‘दीट्स’ किंवा ‘ड्यूट्स’ म्हणत. तेराव्या शतकातला फ्लेमिश कवी याकोब फान मार्लांट आपली भाषा ‘दीट्स’ असल्याचे सांगतो. त्या भाषेचे पहिले छापील व्याकरण १५८४ मध्ये लायडन येथे निघाले, त्याच्या नावात ती ‘नेडरडाउट्स’, सखल मुलखाची डॉइच, आहे. पुढे स्वतंत्र राज्य झाले, भाषेला ‘नेडरलांट्स’ हे नाव रूढ झाले, आणि ‘डाउट्स’ हे विशेषण शेजारच्या जर्मनांना देऊन टाकण्यात आले. परंतु सोळाव्या शतकातले जे गीत आज नेदरलंडचे राष्ट्रगीत आहे, त्यात ऑरेंजचा विल्यम आपल्या रक्ताचे वर्णन याच विशेषणाने करतो. आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या मोठ्या चर्चच्या नावात ‘नेडरडाउट्स’ अद्याप कायम आहे. कायद्याने मालकी बदलली तरी घराच्या भिंतीत जुन्या मालकाची नाणी सापडावीत, तशातलाच हा प्रकार.

इंग्रजीने या शब्दाशी केलेला व्यवहार सर्वांत विचित्र. जुन्या इंग्रजीत ‘थेओदिस्क’ होता, तो बुडाला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांच्या तोंडून तोच शब्द ‘डच’ या रूपाने परत आला, आणि त्या वेळी तो हॅम्बर्गपासून अँटवर्पपर्यंतच्या सर्वांना लागू होता. भेद करावयाचा असल्यास ‘उच्च डच’ आणि ‘नीच डच’ म्हणत. सतराव्या शतकात व्यापारावरून आणि समुद्रावरील सत्तेवरून इंग्लंडची नेदरलंडशी १६५२ पासून १६७४ पर्यंत तीन युद्धे झाली, आणि ज्यांच्याशी रोज गाठ पडे त्यांनाच ‘डच’ हे नाव उरले. पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिलेले जर्मन शेतकरी मात्र अजून ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणविले जातात. त्यांच्या बोलीत ते स्वतःला ‘डायच’ म्हणतात. युद्धकाळच्या द्वेषातून इंग्रजीत या विशेषणावर कुचेष्टेची पुटे चढली : दारूच्या नशेत आलेले धैर्य ते ‘डच धैर्य’, आणि कोणालाच न कळणारी बडबड ती ‘डबल डच’. ऑफाच्या सभेत सर्वांना समजावे म्हणून जी वापरली ती भाषा इंग्रजांची, तिला दिलेले विशेषण हे; आणि त्याच इंग्रजांच्या तोंडी ते अखेर दुर्बोधतेचे नाव झाले.

उत्तरेकडे फारसे नाट्य नाही. डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांत ‘ट्युस्क’ म्हणजे जर्मन, इतका साधा हिशेब आहे. स्टॉकहोमच्या जुन्या पेठेतील जर्मन व्यापाऱ्यांचे चर्च अजून ‘ट्युस्क’ चर्चच आहे. एकच गोष्ट सांगण्याजोगी. नॉर्वेतील बर्गन बंदरात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकापासून वखार घातली होती, त्या भागाला ‘ट्युस्कब्रिगन’, जर्मनांचा धक्का, म्हणत. १९४० ते १९४५ पर्यंत नाझी फौजेचा अंमल सोसल्यावर नॉर्वेकरांनी त्या नावातले विशेषण तेवढे खोडले. धक्का आहे तेथेच आहे. नाव नुसते ‘ब्रिगन’, म्हणजे धक्का.

इतर शेजाऱ्यांनी जर्मनांना काय काय म्हटले याची यादी मोठी आहे, पण ती आपल्या विशेषणाच्या बाहेरची. फ्रेंचांनी अलेमान टोळीचे नाव सर्वांना दिले, फिन लोकांनी सॅक्सनांचे. स्लाव्हांनी ‘मुका’ या अर्थाच्या शब्दापासून ‘नेमेत्स’ केले, ज्यात आपल्या ‘म्लेच्छ’ शब्दाच्या जातीचाच भाव आहे. राजकारणातही विशेषणाचे विशेषणपण पुष्कळ काळ टिकले. पवित्र रोमन साम्राज्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘डॉइच राष्ट्राचे’ ही पुस्ती जोडण्यात येऊ लागली. १८७१ चे साम्राज्य ‘डॉइच’ साम्राज्य होते. १९४९ मध्ये दोन राज्ये झाली तेव्हा पश्चिमेच्या राज्याने आपल्या नावात ‘डॉइचलांट’ हे नाम घेतले, आणि पूर्वेच्या राज्याने ‘डॉइच लोकशाही प्रजासत्ताक’ म्हणून विशेषण घेतले. नाम घेणाऱ्याने सबंध मुलखावर हक्क सांगितला, विशेषण घेणाऱ्याने आपला प्रकार सांगितला, असा तर्क करता येईल. पण मसुदा करणाऱ्यांच्या मनात तो होता असे मी म्हणणार नाही.

शेवटी आपल्या दफ्तराविषयी. या विशेषणाचा महाराष्ट्राशी संबंध आला तो सतराव्या शतकात, वेंगुर्ल्यास नेदरलंडच्या कंपनीची वखार पडली तेव्हा. पण विशेषण त्या गलबतांतून उतरलेच नाही. आपल्या कागदोपत्री त्या लोकांना ‘वलंदेज’ म्हटले आहे, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही टोपीकरांची गणना करताना इंग्रज, फरासीस, डिंगमार (डेन) यांच्या पंक्तीला वलंदेज हेच नाव आहे. ते पोर्तुगीजांच्या ‘होलांदेश’वरून, मुका ‘ह’ सोडून, आलेले. ‘डच’ आपण शिकलो ते पुढे इंग्रजी शाळेत. म्हणजे इंग्रजांनी आपल्या तीन युद्धांच्या सोयीने आखूड केलेला शब्द आपण बिनचौकशी पदरी घेतला. ‘जर्मन’ हा शब्दही तिकडूनच आला, आणि ‘जर्मनची भांडी’ म्हणून ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना चिकटून खेड्यापाड्यांत पोहोचला, ती कथा निराळी. वलंदेज हेही निर्दोष नाव नव्हे, कारण हॉलंड हा त्या सात प्रांतांपैकी एक प्रांत. तरी मोडी कागदांत अस्सल म्हणून जे रुजू आहे ते तेच. म्हणून या पुस्तकात शिवकाल व पेशवाई यांच्या संदर्भात सर्वत्र ‘वलंदेज’ ठेवले आहे, आणि ‘डच’ केवळ इंग्रजीच्या प्रकरणात आले आहे. शालेय इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांनीही हा जुना शब्द कोशात पडून राहू न देता पुन्हा चालू करावा, अशी त्यांना माझी विनंती आहे.